मोहोर कोठे फोडावी?

जालना शहरालगत दरेगाव येथे २०१५ सालच्या डिसेंबरात ड्राय पोर्टची कोनशिला बसविण्यात आली, तेव्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या, पावसाच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या या प्रदेशात बंदर उभे राहावे ही कल्पनाच अनेकांना नवलाची वाटली. परंतु त्या योजनेच्या मुळाशी असलेला विचार सरळ आणि तितकाच मार्मिक आहे. मालाची तपासणी, कागदपत्रांची छाननी आणि सीमाशुल्काचा हिशेब माल जेथे तयार होतो तेथेच उरकावा, कंटेनरवर तेथेच सरकारी मोहोर करावी, आणि न्हावाशेव्याला पोहोचल्यावर ती न फोडता तो तसाच जहाजावर चढवावा, असा तो विचार. या मुलखाला नाक्यांची सवय जुनी आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाड-हैदराबाद लोहमार्ग जालन्यावरून गेला आणि येथील कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली, तेव्हाही निजामाच्या रियासतीची हद्द ओलांडणाऱ्या मालाला करोडगिरीच्या, म्हणजे जकात वसूल करणाऱ्या, अंमलदारांना सामोरे जावेच लागे. १९४८ साली रियासत संपली आणि १९८१ च्या १ मे रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला; परंतु बंद गाठोडे कोणी, कोठे आणि कोणत्या अधिकाराने उघडावे हा प्रश्न काही संपला नाही.

तोच प्रश्न आज या जिल्ह्यातील उद्योजकांपुढे, रुग्णालयांपुढे आणि शिक्षणसंस्थांपुढे अशा स्वरूपात उभा आहे की पुष्कळांना तो प्रश्न आहे हेच जाणवत नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिकोची स्थापना केली, आणि पुढे १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्यांच्या या नगरीचा व्यवहार जिल्ह्याच्या, किंबहुना देशाच्याही सीमेत मावणारा उरलेला नाही. समजा, जालन्यातील एखाद्या बियाणे-संस्थेचे वितरक नैरोबीत आणि जाकार्तात आहेत, शेतकरी मंठा आणि घनसावंगी तालुक्यांत आहेत, आणि तिच्या संशोधकांपैकी एखादा वर्षभरासाठी अमेरिकेत गेला आहे. हे सर्व जण एकाच संकेतस्थळावर येतात, आणि त्यांची प्रत्येक मागणी कूटबद्ध होऊन, म्हणजे मोहोरबंद होऊनच, प्रवासाला निघते. ती स्वीकारून अनेक सर्व्हरांपैकी जो मोकळा आणि धडधाकट असेल त्याच्याकडे सोपविणारा जो मध्यस्थ, तो लोड बॅलन्सर. संस्थेने आपला कारभार क्लाउडवर न्यायचे ठरविले की तिच्यापुढे अशा मध्यस्थांची एक लांबलचक यादी येऊन पडते. आणि माझे स्पष्ट मत असे आहे की ही निवड वेगाच्या किंवा दराच्या तक्त्यावरून करणे म्हणजे खऱ्या प्रश्नाला बगल देणे होय. मोहोर कोठे फुटावी आणि फोडणाऱ्याला तो अधिकार कोणी दिला, हे आधी ठरले पाहिजे. मग यादीतील बहुतेक नावे आपोआप गळून पडतात.

या मध्यस्थांची नावे प्रत्येक कंपनीच्या दप्तरी निराळी असली, तरी त्यांचे स्वभाव मोजकेच आहेत. एक मध्यस्थ मोहोर फोडतो, आतील मागणी वाचतो, ती चित्र मागते आहे की देयक भरते आहे हे पाहून तिला योग्य त्या सर्व्हरकडे धाडतो. त्याला संकेतस्थळांची एचटीटीपी ही भाषा येते आणि त्या भाषेपुरतेच त्याचे राज्य असते. दुसरा मोहोर फोडतो, परंतु आतील मजकुराचा अर्थ लावण्याच्या भानगडीत पडत नाही. टीएलएसचे, म्हणजे कूटबंधनाचे, आवरण काढून आतला प्रवाह तसाच पुढे ढकलतो. तिसरा मोहोरेला हातच लावत नाही. बाहेरचा पत्ता पाहून पाकीट जसेच्या तसे पुढे सरकवितो आणि ते उघडण्याचे काम खुद्द संस्थेच्या सर्व्हरवर सोडतो. यांपैकी पहिले दोघे कोठे उभे राहतात हाही एक निराळा भेद आहे. काही जगभर पसरलेल्या चौक्यांवर, ग्राहकाच्या अगदी जवळ उभे राहतात. काही एखाद्या विवक्षित प्रदेशातच, म्हणजे मुंबई, पुणे किंवा हैदराबाद येथील विदागृहाच्या, म्हणजे डेटा सेंटरच्या, दारात, ठाण मांडून असतात.

ग्राहकाजवळच मोहोर फोडावी या पक्षाचे सर्वांत मोठे बळ भौतिकशास्त्रात आहे, आणि ते मान्य केल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. काचतंतूतून प्रकाश एका सेकंदात सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यातील सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. तेव्हा एका फेरीला, जाऊन येऊन, सव्वाशे मिलिसेकंद तर निसर्गनियमानेच लागणार, आणि समुद्रतळावरच्या केबली सरळ रेषेत धावत नसल्याने प्रत्यक्षात ती फेरी दोनशेच्या आसपास जाते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या टीएलएस १.२ या नियमावलीप्रमाणे नवा संबंध जोडायचा म्हणजे टीसीपीच्या ओळखीसाठी एक फेरी, किल्ल्यांच्या देवाणघेवाणीसाठी दोन आणि प्रत्यक्ष मागणीसाठी आणखी एक, अशा चार फेऱ्या घडतात. आठशे मिलिसेकंद गेल्यावर पहिले अक्षर पडद्यावर येते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या टीएलएस १.३ ने यांतील एक फेरी वाचविली. परंतु मोहोर जर न्यूयॉर्कमधल्याच चौकीवर फोडली, तर ओळखीच्या आणि किल्ल्यांच्या फेऱ्या दहा-दहा मिलिसेकंदांत आटोपतात, आणि मूळ मागणी चौकी व मुंबई यांच्यात आधीच उघडून ठेवलेल्या संबंधावरून एकदाच समुद्र ओलांडते. आठशेचे सव्वादोनशे-अडीचशे होतात. हा लाभ पैसे ओतून अधिक बलवान सर्व्हर घेतल्याने मिळणारा नव्हे, कारण विलंब सर्व्हरमध्ये नसून अंतरात आहे.

ही किमया साधते ती एनीकास्टच्या योगाने. एकच आयपी पत्ता जगातील अनेक ठिकाणांहून जाहीर केला जातो, आणि बीजीपीच्या मार्गनियमांप्रमाणे प्रत्येक ग्राहक बहुधा आपल्याला जवळच्या चौकीवर आपसूक पोहोचतो. गूगलचे जागतिक लोड बॅलन्सर याच तत्त्वावर चालतात. ऍमेझॉनचे नित्याचे लोड बॅलन्सर प्रादेशिक आहेत. त्यांना जागतिक दार हवे असेल तर २०१८ साली आलेला ग्लोबल ऍक्सिलरेटर किंवा क्लाउडफ्रंट पुढे उभा करावा लागतो. मायक्रोसॉफ्टकडे हे काम फ्रंट डोअर करतो, आणि ट्रॅफिक मॅनेजर केवळ डीएनएसच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाचा पत्ता विचारल्यावर मिळणाऱ्या, उत्तरातून दिशा दाखवितो. नावाच्या उत्तरावर विसंबणारी ही शेवटची पद्धत स्वस्त आहे खरी, पण ते उत्तर वाटेतल्या यंत्रणा काही काळ जपून ठेवीत असल्याने, एखादे ठिकाण बंद पडल्यावरही ग्राहक तेथेच धडका देत राहतात. जीवनावश्यक कामासाठी तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवणे मला युक्त वाटत नाही.

आता दुसरी बाजू. ग्राहकाजवळ मोहोर फुटते याचा अर्थ ती परक्याच्या घरात फुटते. वॉशिंग्टन पोस्टने ३० ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकी हेरसंस्थेचे कागद बाहेर आणणाऱ्या एडवर्ड स्नोडेनकडून मिळालेल्या कागदपत्रांच्या आधारे जे प्रसिद्ध केले त्याचे विस्मरण या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही होता कामा नये. गूगलच्या सार्वजनिक दारापर्यंत ग्राहकांची पत्रे कूटबद्ध येत होती. तेथे ते आवरण काढले जाई, आणि कंपनीच्या स्वतःच्या विदागृहांमधील वाहिन्यांवरून ती उघडी धावत. अमेरिकी आणि ब्रिटिश हेरसंस्थांनी दार फोडण्याचा खटाटोप केलाच नाही. त्यांनी दारामागच्या वाहिन्यांनाच कान लावला. त्या कागदांत हाताने काढलेले एक साधे रेखाचित्र होते, आणि कूटबंधन येथे घातले व काढले जाते असे दाखविणारा बाण नेमक्या त्या मध्यस्थाकडे रोखलेला होता. ज्याला आपण आज लोड बॅलन्सर म्हणतो त्याच्या स्वरूपाविषयीचे इतके नेमके आणि इतके अस्वस्थ करणारे भाष्य दुसरे नाही. त्यानंतर गूगलने आपल्या अंतर्गत वाहिन्याही कूटबद्ध करण्याचे काम झपाट्याने पुरे केले. परंतु तेवढ्याने ग्राहक-संस्थेचे कर्तव्य संपत नाही. मध्यस्थापासून आपल्या सर्व्हरपर्यंतचा टप्पा पुन्हा मोहोरबंद करण्याची आज्ञा संस्थेला स्वतः द्यावी लागते. ती दिली तरी सारे आलबेल होते असेही नाही: ऍमेझॉनचा ऍप्लिकेशन लोड बॅलन्सर सर्व्हरशी कूटबद्ध बोलतो, पण त्या सर्व्हरने दाखविलेल्या प्रमाणपत्राची सत्यता तपासत नाही. जी संस्था ग्राहकाला 'पूर्ण सुरक्षित' असे आश्वासन देते, तिने हे वाक्य आधी पचविलेले असावे.

किल्ली आपल्यापाशी ठेवली म्हणजे मजकूरही आपल्यापाशीच राहिला, असाही एक गोड समज प्रचलित आहे. क्लाउडफ्लेअर या जगभर चौक्या असलेल्या कंपनीने २०१४ साली अशी सोय काढली की खाजगी किल्ली मूळ मालकाच्याच तिजोरीत राहावी आणि चौकीने केवळ संबंध जोडताना तिच्याकडून स्वाक्षरी मागून घ्यावी. सोय उत्तम आहे. किल्ली चोरीला जाण्याचे भय तिने कमी होते. परंतु संबंध एकदा जुळल्यावर मजकूर त्या चौकीवर उघडाच वाचला जातो. किल्लीचा ताबा आणि मजकुराचे गोपन या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि विक्रेत्यांच्या पत्रकांत त्या वारंवार एकमेकींत मिसळलेल्या आढळतात.

यावर कोणी म्हणेल की इतकी शंका घ्यायचीच असेल तर मोहोरेला न स्पर्शणारा तिसरा मध्यस्थ सर्वत्र नेमावा आणि मोकळे व्हावे. हा सल्ला निष्ठेचा असला तरी शहाणपणाचा नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएल या कूटबंधनाच्या प्रणालीतील हार्टब्लीड नावाचा दोष उघडकीस आला, तेव्हा ज्या ज्या सर्व्हरवर तिच्या सदोष आवृत्तीने मोहोर फुटत होती त्या प्रत्येकाच्या स्मृतीतून खाजगी किल्ली गळण्याचा संभव निर्माण झाला होता. जिच्याकडे एकच संगणक-कारकून आहे अशा संस्थेने वीस सर्व्हरांवर वीस ठिकाणी किल्ल्या ठेवल्या, तर मोठ्या कंपनीच्या एका जागत्या पहाऱ्यापेक्षा ती अधिक सुरक्षित झाली असे कोण म्हणेल? शिवाय बंद पाकिटातून येणारा हल्ला वाटेत ओळखता येत नाही. ज्याला मजकूर दिसतो तोच मध्यस्थ विषारी मागणी दारातच रोखू शकतो. ज्याला दिसत नाही त्याने ती इमानाने आत आणून सोडायची.

मग निर्णय कशावर करावा? माझ्या मते पाकिटात काय आहे आणि ते कोणाचे आहे यावर. वाणांची माहिती, हवामानाची सूचना, पत्रके, छायाचित्रे यांत गुप्त असे काही नाही. त्यांचे कूटबंधन वाटेत कोणी फेरफार करू नये यासाठी आहे. हा सारा व्यवहार जागतिक दाराकडे, एचटीटीपी समजणाऱ्या मध्यस्थाकडे, निःशंकपणे सोपवावा आणि नैरोबीतल्या वितरकाचा वेळ वाचवावा. याच्या उलट, शेतकऱ्याचे बँक-खाते, वितरकाशी झालेला दराचा करार, किंवा नेत्रचिकित्सेसाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून जालन्यास येणाऱ्या रुग्णाचा कागद यांची गोष्ट वेगळी. त्या मजकुराचे आपण मालक नसून विश्वस्त आहोत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम हेच सांगतो. दुसऱ्याकरवी काम करवून घेतले तरी जबाबदारी मूळ संस्थेचीच राहते, आणि वाजवी सुरक्षा-उपाय न केल्यास दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. अशा मजकुरासाठी दार निराळे हवे, नाव निराळे हवे आणि मोहोर भारतातील ठरलेल्या प्रदेशातच फुटावी अशी प्रादेशिक यंत्रणा हवी. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात, ऍमेझॉनने २०१६ साली आणि गूगलने २०१७ साली मुंबईत आपली विदागृहे सुरू केल्यापासून यासाठी सातासमुद्रापार जाण्याचे कारण उरलेले नाही. अमेरिकेतील संशोधकाला त्यामुळे अर्धा सेकंद अधिक थांबावे लागेल. एखाद्या रुग्णाच्या कागदाचे मोल त्या अर्ध्या सेकंदापेक्षा निश्चितच मोठे आहे. आणि जेथे दोन्ही बाजूंनी परस्परांची प्रमाणपत्रे तपासून घ्यायची असतात, जसे बँकेशी होणारे संस्थेचे व्यवहार, तेथे शक्य तर तो तिसरा, मोहोरेला हात न लावणारा मध्यस्थच नेमावा. कारण मधला कोणी आवरण काढील तर समोरच्याची ओळख सर्व्हरला स्वतः पटविता येत नाही, मध्यस्थ सांगेल ती खरी मानावी लागते.

ओळखीचा हा मुद्दा आणखी एका अंगाने महत्त्वाचा आहे. मोहोर फोडणारा मध्यस्थ स्वतः नवा संबंध जोडतो, त्यामुळे सर्व्हरला ग्राहकाचा मूळ पत्ता दिसत नाही, मध्यस्थाचाच दिसतो. एचटीटीपीत तो पत्ता एका शीर्षकातून पुढे कळविता येतो. इतर प्रवाहांत त्यासाठी प्रॉक्सी प्रोटोकॉलची योजना करावी लागते. सर्ट-इन या संगणक-सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने नोंदी १८० दिवस भारतात जपून ठेवणे आणि सुरक्षाभंगाची खबर सहा तासांत देणे बंधनकारक केले आहे. ज्या नोंदवहीत प्रत्येक ओळीला एकट्या मध्यस्थाचाच पत्ता लिहिलेला आहे ती घेऊन संस्था चौकशीत काय सांगणार?

एचटीटीपीच्या बाहेरचे जगही आता आपल्या शेतांपर्यंत आले आहे. मोसंबीच्या बागेतला ओलावा मोजणारी यंत्रे आणि हवामान टिपणारी केंद्रे पुष्कळदा एमक्यूटीटी या बोलीत, कूटबद्ध करून, ८८८३ क्रमांकाच्या द्वारावर बोलतात. त्यांच्यापुढे एचटीटीपी जाणणारा पंडित मध्यस्थ उभा केला तर काम अडून पडेल. तेथे मजकुराचा अर्थ न लावता टीएलएस उतरविणारा दुसरा मध्यस्थच योग्य. गूगलकडे तो जागतिक स्वरूपातही मिळतो, आणि ऍमेझॉनच्या नेटवर्क लोड बॅलन्सरला २०१९ पासून ही विद्या अवगत आहे.

जगभरच्या ग्राहकांचा विचार करताना घरचा ग्राहक मागे पडतो, हे मला विशेष खटकते. मंठ्याच्या शिवारातून मुंबईपर्यंतचे अंतर प्रकाशाला काही मिलिसेकंदांचे आहे. तेथला विलंब समुद्राचा नसून मोबाइलच्या मनोऱ्याचा आणि जुन्या फोनचा आहे. त्याला जगभरच्या चौक्यांचा उपयोग नाही. त्याला टीएलएस १.३ ची वाचलेली फेरी, पूर्वीचा संबंध पुन्हा जोडून घेण्याची सवलत आणि हलकी पाने हवीत. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, आणि लेट्स एन्क्रिप्टसारख्या विनामूल्य सेवेची प्रमाणपत्रे जुन्या उपकरणांवर चालतील की नाही याची चिंता जगभर पसरली. प्रमाणपत्र कोणाचे घ्यावे आणि टीएलएसची किमान आवृत्ती कोणती ठेवावी, हे दोन्ही प्रश्न लोड बॅलन्सरच्या मांडणीतच ठरतात, आणि ते ठरविणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तो जुना फोन असलाच पाहिजे. तरीही १.० आणि १.१ या आवृत्त्यांना, २०२१ सालीच त्या कालबाह्य घोषित झालेल्या असताना, दयाबुद्धीने दार उघडे ठेवावे असे मी म्हणणार नाही. दहा वर्षांपूर्वीचा साधा अँड्रॉइड फोनही १.२ बोलू शकतो, आणि मोडकी मोहोर देऊन शेतकऱ्यावर उपकार होत नाहीत.

जागतिक दाराचा एक दोष त्याच्या गुणातूनच उपजतो. सर्वांचे एकच दार असले की ते मिटल्यावर सर्वांचीच वाट बंद होते. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअरच्या यंत्रणेत एक फाइल अपेक्षेपेक्षा मोठी झाली आणि जगभरची असंख्य संकेतस्थळे काही तास बंद राहिली; त्यांचे सर्व्हर ठणठणीत होते, मध्यस्थ तेवढा आजारी होता. उलट बाजूस, २००८ च्या जानेवारीत अलेक्झांड्रियाजवळ आणि २०२५ च्या सप्टेंबरात तांबड्या समुद्रात केबली तुटल्या, तेव्हा ज्यांच्या सेवेला अनेक वाटा ठाऊक होत्या त्यांनाच दुसरीकडून वळसा घेता आला. तेव्हा जागतिक दार घ्यावे, पण प्रादेशिक दाराचा पत्ता तयार ठेवून. आणि डीएनएसमधील नावाची नोंद त्याच कंपनीच्या हाती न देता, जेणेकरून अडचणीच्या रात्री ती वळविता येईल.

अखेरचा मुद्दा वरवर क्षुल्लक दिसतो, पण संस्थांचा घात पुष्कळदा तेथेच होतो. प्रमाणपत्रांची मुदत आता झपाट्याने आखडते आहे: प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर बनविणाऱ्या कंपन्या यांच्या मंडळाने २०२५ च्या एप्रिलमध्ये केलेल्या ठरावानुसार ती मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ पासून १०० दिवस आणि मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस राहील. वर्षातून एकदा आठवणीने नूतनीकरण करण्याचा रिवाज यापुढे चालणार नाही. ते काम यंत्राकडेच द्यावे लागेल. जागतिक दारापुरते क्लाउड-कंपनी ते स्वतःच करते, आणि तेवढ्यापुरते करू द्यावे. परंतु ज्या दारांची किल्ली आपण आपल्यापाशी ठेवली, तेथे नूतनीकरणाची यंत्रणा आपली, तिच्यावरची देखरेख आपली, आणि ती चुकली तर रात्री उठणारा माणूसही आपलाच लागतो. त्या माणसाचे नाव, त्याच्या रजेच्या दिवशी कोण काम पाहील त्याचे नाव, आणि किल्लीची प्रत कोणाच्या ताब्यात आहे याची नोंद, ही तीन टिपणे संस्थेच्या दप्तरात लेखी नसतील, तर किल्ली स्वतःपाशी ठेवण्याचा हट्ट तिने तूर्त धरू नये.